कुंपणाखालून जाणारा पुदिना

परसबागेत पुदिना लावणे सोपे आहे. त्याला नेमून दिलेल्या वाफ्यात ठेवणे मात्र अवघड. बाजारच्या जुडीतील चार काड्या नळाजवळच्या ओलीत खोवल्या, की काही महिन्यांत वाफा भरून जातो आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या गुलाबाच्या आळ्यातही पुदिन्याचे कोंब दिसू लागतात. शेजारी कुरकुर करतो, आपण वर आलेले कोंब खुडून देतो आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा उगवतात.

याचे कारण जमिनीखाली आहे. पुदिन्याच्या बुंध्यातून आडवी, पांढरट खोडे निघतात आणि मातीच्या वरच्या थरातून दूरवर पसरतात. त्यांना भूस्तारी म्हणतात. ती मुळांसारखी दिसली तरी त्यांना पेरे असतात आणि प्रत्येक पेऱ्यापाशी नवी मुळे व नवा कोंब फुटू शकतो. म्हणूनच कुदळीने त्यांचे तुकडे केले, तर एका रोपाची अनेक रोपे होतात. शेतातील हरळी खणूनही का हटत नाही, याचे उत्तरही बऱ्याच अंशी हेच आहे.

परसबागेत डोकेदुखी ठरणारा हा गुण लखनौच्या परिसरात शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचा आधार झाला आहे. लखनौलगतचा बाराबंकी जिल्हा मेंथा लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. मेंथा म्हणजे जपानी पुदिना; आपल्या चटणीच्या पुदिन्याचा भाऊबंद. त्याच्या पाल्याचे ऊर्ध्वपातन करून तेल काढतात आणि त्यापासून मलमे, खोकल्याच्या गोळ्या व टूथपेस्ट यांसाठी लागणारे मेंथॉल मिळते. 1959 मध्ये स्थापन झालेल्या व लखनौ येथे कार्यरत असलेल्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजेच ‘सीमॅप’ने, ‘कोसी’सारख्या जाती विकसित करून हे पीक शेतकऱ्यांपर्यंत नेले.

या पिकाचे बेणे म्हणजे तेच भूस्तारी. जानेवारी-फेब्रुवारीत हेक्टरी सुमारे 4 ते 5 क्विंटल भूस्तारींचे तुकडे 4 ते 5 सेंटिमीटर खोल सरीत लावतात. साधारण 100 ते 120 दिवसांत पहिली कापणी येते. पावसाळ्यात पाणी साचल्यास भूस्तारी कुजतात. म्हणून पुढील हंगामाचे बेणे निचऱ्याच्या, उंचवट्याच्या जमिनीत जपावे लागते.

शेतातही बांधाचा प्रश्न उरतोच. भूस्तारीपासून वाढलेले रोप मूळ रोपाची हुबेहूब प्रत असते; जातीची शुद्धता त्यावरच टिकते. मात्र शेजारच्या वाफ्यातील दुसऱ्या जातीचे फुटवे बेण्यात मिसळले, तर तेही तितक्याच जोमाने वाढतात. पाने व कोंब वरवर सारखे दिसत असल्याने ही भेसळ सहज ध्यानात येत नाही आणि कापणीची योग्य वेळ व तेलाची प्रत दोन्ही बिघडू शकतात. म्हणून दोन जातींच्या वाफ्यांमध्ये मोकळा पट्टा सोडावा, तो वेळोवेळी खुरपावा आणि वाफ्यांवर जातीच्या नावाच्या पाट्या लावाव्यात.

परसबागेसाठी उपाय साधे आहेत. पुदिना शक्यतो कुंडीत लावावा आणि कुंडी विटांवर ठेवावी. अन्यथा तळाच्या छिद्रातून भूस्तारी जमिनीत उतरतात. वाफ्यातच लावायचा असल्यास कडेने सुमारे 30 सेंटिमीटर खोल पत्रा किंवा जाड प्लास्टिक पुरावे. त्याची कड जमिनीच्या वर 5 सेंटिमीटर ठेवावी, कारण काही फुटवे पृष्ठभागावरूनही सरकतात. पसरलेला पुदिना काढताना जमीन आधी भिजवून भुसभुशीत करावी आणि भूस्तारी न तोडता अखंड ओढून काढावेत. काढलेला भाग ओला असताना कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा नाल्यात टाकू नये. कडक उन्हात पूर्ण वाळवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी व्हावे. एकाच बाजूची सफाई केली, तर दुसऱ्या बाजूला राहिलेले भूस्तारी पुन्हा कुंपणाखालून येतात आणि दोन्ही घरांचे श्रम वाया जातात. म्हणून कोंब खुडून देण्यापेक्षा शेजाऱ्याशी बोलून एक सकाळ ठरवावी आणि काढलेल्या भूस्तारींतून दोन चांगले तुकडे निवडून दोन्ही घरी एकेका कुंडीत लावावेत.