नांगराच्या निशाणीपासून १ जूनपर्यंत

शिरूर तालुक्यातलं इनामगाव, घोड नदीच्या काठचं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजची मंडळी इथल्या पांढरीच्या टेकाडांवर राबत होती. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी, मधुकर ढवळीकर अशी मोठी नावं. त्यांना सापडलेलं गाव इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलेलं आणि ७०० च्या आसपास उठलेलं. प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर, लगतच धान्याचं कोठार, शेतीसाठी पाट, पुराला अडवायला बांध. चार पायांच्या रांजणात पाय दुमडून बसवलेला एक माणूससुद्धा! सगळं मिळालं, पण नऊशे वर्षांच्या त्या वस्तीत लिहिलेलं एक अक्षर मिळालं नाही.

अक्षराशिवाय कोठार भरत होतं, पाट वाहत होता. अडचण झाली ती पुढे, समोरच्याला लिहिता येऊ लागलं आणि आपल्याला नाही तेव्हा.

सही? नांगर काढा!

जुन्या मराठी कागदांत कुणब्याची सही म्हणजे ‘निशाणी नांगर’. वाण्याची तागडी, शिपाईगड्याची कट्यार. दिसायला किती देखणं! पण ज्याच्या नावापुढे नांगर, त्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नसे. सावकाराच्या खतावर किती व्याज, किती मुद्दल, देव जाणे. याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला आणि मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा पेटला. घरांपेक्षा लोकांना हवे होते ते कागद: खतं हिसकावली, जाळली. न वाचता येणाऱ्या माणसापाशी कागदाला दुसरं उत्तर काय होतं?

औटकी म्हणजे काय रे भाऊ?

साडेतीनचा पाढा! पंतोजींच्या गावठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी पाढ्यांची माळ असे. मंदिराची ओसरी किंवा कुणाचा तरी वाडा, समोर धूळपाटी, त्यावर बोटाने गिरवणं, आणि पंतोजींना मोबदला बहुतेक धान्याचा. हे पाढे हौसेचे नव्हेत. बियाण्याला घेतलेलं धान्य सवाईने नाहीतर दिडीने फेडायचं असे. चार पायल्या दिडीने घेतल्या तर सहा परत. ज्याला दिडकी तोंडपाठ, त्याला मापात फसवणं अवघड. माझ्या मते मराठी मुलुखातला हा सर्वात उपयोगी अभ्यासक्रम होता. खंत एवढीच, की ज्याच्या घरून धान्य जायचं त्याचं पोर त्या ओसरीवर क्वचितच असायचं, आणि पोरगी तर नाहीच.

(आरंभाला आपण ‘ओनामा’ म्हणतो ना? तो ‘ओम् नमः सिद्धम्’चा. पहिल्या दिवशी पाटीवर गिरवायचे ते शब्द बोलता बोलता झिजले आणि नवाच शब्द उरला.)

शाळेचे पैसे कुणाचे?

सरकारचे, असं वाटतं. सरकारी शिक्षण खातं मुंबई इलाख्यात १८५५ ला आलं खरं, पण खेड्यातल्या शाळांना बळ मिळालं ते १८६३ च्या लोकल फंडामुळे. सारा भरताना रुपयामागे एक आणा जादा आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. म्हणजे नांगराची निशाणी करणाराच मास्तरचा पगार भरत होता, पोरगं शाळेत असो वा नसो!

जोतीरावांचा मास्तर

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, हे त्यातलं प्रसिद्ध मागणं. त्यातला मास्तर मात्र मला जास्त आवडतो. तो होता होईल तो शेतकऱ्यांतलाच हवा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस उचलायला लाजणारा नको. पगार १२ रुपयांहून कमी नको. शिवाय गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं ही कामंही त्याच्याकडे द्या, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल. हा निव्वळ शिकवणारा नव्हता, गावाच्या वतीने कागद वाचणारा माणूस होता. सुप्याचा दंगा होऊन सातच वर्षं झाली होती हे ध्यानात घेतलं की या सूचनेची धार कळते.

सक्ती यायला वेळ लागला. १९११ चं गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हुकूमच काढला: मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड.

आणि ते वाकस-नांगराचं स्वप्न? शंभर वर्षांनी शिरूर तालुक्यातच उगवलं. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. मुलांनी वेल्डिंग करावं, माती तपासावी, सुतारकाम करावं, आणि ते करता करता विज्ञान शिकावं. इनामगावचं उत्खनन संपलं तेही १९८३ लाच.

रुळाची घंटा, शेणाचं सारवण

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. लोकांच्या तोंडी मात्र ती आजही ‘मराठी शाळा’. कित्येक शाळांची घंटा म्हणजे टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. शनिवारी सकाळची शाळा, आणि मुलींनी घरून आणलेल्या शेणाने जमीन सारवायची. मुलगे पाणी आणत आणि मोकळे सुटत. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी

गावातल्या साठी-सत्तरीच्या कुणालाही जन्मतारीख विचारा. १ जून! शेजाऱ्याला विचारा. १ जून! पोर पुरात झालं की सुगीत एवढंच आईला ठाऊक. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला दाखल करून घ्यायचं होतं. गुरुजींनी वय बसेल असं साल धरलं, पुढे १ जून लिहिलं आणि पोराला पहिलीच्या रांगेत बसवलं. त्याच तारखेवर पुढे नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन सुरू झाली. त्याच माणसाच्या पणजोबांचं जुनं खत घरच्या ट्रंकेत निघालं, तर नावापुढे नांगर असतो.