एक्सप्लेनर : ट्रकला मोठा टर्बो बसवताय? मग घाट उतरण्याचं गणितही बदलतं!

घाटात ट्रक चालवणाऱ्या जुन्या चालकांचा एक साधा नियम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. पण ट्रकला मोठा टर्बो बसवला, की हाच नियम फसवू शकतो. टर्बोसोबत एक्झॉस्ट ब्रेकचा विचार का करावा लागतो, ते समजून घेऊया.

उतरणीवर ब्रेकवर किती भार येतो?

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे 500 मीटरने कमी होते. मालासह 16 टन वजनाचा ट्रक एवढा खाली आला, तर जवळपास 22 युनिट वीज होईल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. 1,500 वॅटचा गिझर साडेचौदा तास चालवण्याइतकी ही ऊर्जा आहे. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यात थोडी जाते. उरलेली इंजिनाने अडवली नाही, तर ती उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रम आणि लायनरमध्ये साठते.

लायनर प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकड कमी होते. पेडल दाबलेलं असतं, हवेचं प्रेशरही असतं, तरीही ट्रक थांबत नाही. अनेकदा आपण 'ब्रेक फेल' म्हणतो ते हेच.

एक्झॉस्ट ब्रेक करतो काय?

पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळपास बंद होते आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. डिझेल इंजिनात सहसा ही अडवणूक नसते. म्हणून नुसत्या गिअरवर डिझेल ट्रक फारसा आवरत नाही.

एक्झॉस्ट ब्रेक ही उणीव भरून काढतो. टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपमध्ये एक झडप असते. स्विच दाबला की ती जवळपास बंद होते आणि त्याच वेळी डिझेलचा पुरवठाही थांबतो. बाहेर पडणारी हवा कोंडते. पिस्टनला प्रत्येक फेरीत या कोंडलेल्या हवेविरुद्ध जोर लावावा लागतो. तो जोर चाकांकडून येतो, त्यामुळे ट्रकचा वेग आवरला जातो. लायनर मात्र थंड राहतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी कामाला येतात.

मग टर्बोचा संबंध कुठे येतो?

मोठा टर्बो आणि त्यासोबत वाढवलेलं डिझेल यामुळे इंजिनाची ताकद वाढते. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये चढणारा ट्रक आता तिसऱ्यात, कदाचित चौथ्यातही चढतो. पण उतरताना टर्बोची ही ताकद उपयोगाची नसते. इंजिनाचा आकार तोच, पिस्टन तेच, त्यामुळे अडवण्याची क्षमताही जवळपास तीच.

आता जुन्या नियमाप्रमाणे चालक चढलेल्याच गिअरमध्ये उतरला, तर इंजिनाचे फेरे कमी पडतात आणि एक्झॉस्ट ब्रेकचा जोरही घटतो. बाकीचा सगळा भार लायनरवर येतो. म्हणजे चढण सोपी झाली, पण उतरण आधीपेक्षा धोक्याची. टर्बो बदलल्यावर उतरताना चढलेल्या गिअरपेक्षा खालचा गिअर लागेल, हे चालकाला आधीच सांगायला हवं.

दोन्ही एकत्र बसवताना काय तपासायचं?

1. प्रेशरची मर्यादा : कोंडलेल्या हवेचं प्रेशर साधारण 3 ते 4 बारपर्यंत जाऊ शकतं. कारच्या टायरमधल्या हवेच्या ते दीडपट ते दुप्पट झालं. ते मर्यादेबाहेर गेलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नको त्या वेळी उघडू शकतो आणि पिस्टनला आपटू शकतो. व्हॉल्व्ह बंद ठेवणारी स्प्रिंग किती कडक आहे, यावर ही मर्यादा ठरते. इंजिन कंपनीने दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

2. वेस्टगेटची वाट : जास्तीचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारा मार्ग म्हणजे वेस्टगेट. बाहेरून बसवलेल्या वेस्टगेटचा पाइप ब्रेकच्या झडपेच्या पुढे जोडला किंवा थेट हवेत सोडला, तर कोंडलेलं प्रेशर तिथून निसटू शकतं. मग स्विच चालू असूनही ब्रेक लागत नाही.

3. टर्बोची तब्येत : प्रेशर वाढलं की टर्बोच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर ताण येतो. झिजलेल्या टर्बोवर हा प्रयोग नको. नव्या टर्बोचं तोंड मोठं असेल, तर जुनी झडप तिथे बसणारही नाही.

4. डिझेलचं सेटिंग : ब्रेक चालू असताना डिझेल तुटलंच पाहिजे. इंजिनाचं सेटिंग बदलताना हा सिग्नल बिघडला, तर झडप बंद असताना डिझेल जळत राहतं आणि इंजिन तापतं.

टर्बो बदलल्याने असलेला ब्रेकही जाऊ शकतो?

हो, आणि याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे जड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअप ट्रकवर टर्बो बदलण्याची मोठी हौस आहे. डॉज रॅमच्या 6.7 लिटर कमिन्स इंजिनात 2007 पासून वेगळ्या प्रकारचा टर्बो आला. त्यातली वायूची वाट लहान-मोठी होते आणि ती आवळली की टर्बोच एक्झॉस्ट ब्रेकचं काम करतो. अशा गाडीला साधा मोठा टर्बो बसवला, की ताकद मिळते पण ब्रेक जातो. मग वेगळी झडप बसवावीच लागते.

आपल्याकडे नियम काय?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू आहे. या ट्रकमध्ये टर्बो, सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा एकमेकांशी जोडलेली असते. गॅरेजमध्ये परस्पर टर्बो बदलला, तर प्रदूषणाचा, वॉरंटीचा आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहू शकतो. त्यामुळे आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

लक्षात ठेवा

अनेक मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक कंपनीतूनच येतो. वापरला नाही तर काजळीने झडप अडकते, म्हणून घाटाआधी तो चालतो का, ते पाहा. ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रक असेल तर जपून वापरा, कारण त्याचा जोर फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर येतो आणि ती घसरू शकतात.

सर्वांत महत्त्वाचं, उतारावर न्यूट्रल करू नका आणि इंजिन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांपासून तुटतं. ते बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसरही थांबतो. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात समोर आलं होतं. न्यूट्रलवर थोडं डिझेल वाचवायला गेलात, तर कितीही महागडा एक्झॉस्ट ब्रेक असून नसल्यासारखाच.