वाहिनीच्या टोकाला आधार लहान इंजिनांचा

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्यातील या बाजारपेठेच्या आसपासच्या वाड्यावस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. पाऊस मुसळधार पडतो. वीजवाहिन्या रानातून, ओढेनाले ओलांडून न्याव्या लागतात. वादळात एखादे झाड तारांवर कोसळले, की दुरुस्ती होईपर्यंत टोकाच्या वस्त्यांचा पुरवठा थांबतो. घरातील दिव्यांवाचून एखादी रात्र निभावते. परंतु दूध शीतकरण केंद्र, दवाखान्यातील लसींचा साठा आणि पाणीपुरवठ्याचा पंप यांना थांबून चालत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील वीज उपकेंद्रांत पाणी शिरले, तेव्हा सखल भागालाही हाच अनुभव आला. म्हणूनच जेथे गरज तेथेच वीज निर्माण करण्याच्या पद्धतीला, म्हणजेच विकेंद्रित वीजनिर्मितीला महत्त्व आहे. लहान इंजिन हे तिचे एक प्रमुख साधन होय.

इंजिनांची परंपरा

या साधनाची परंपरा दक्षिण महाराष्ट्रात जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांनी ओतकामाच्या बळावर ऑइल इंजिने घडविली. विहिरीवरचा पंप आणि गुऱ्हाळातील उसाचा चरक या इंजिनांवर चालत असे. १९६० साली राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली, खेडोपाडी वीज पोहोचली आणि विहिरीवर इंजिनाची जागा मोटरीने घेतली. पण साचेकार, कातारी आणि जुळारी यांचे कसब टिकले. आज कोल्हापूर हे देशातील ओतकामाचे एक मोठे केंद्र आहे. कागल येथे मोठ्या इंजिनांचा कारखानाही उभा आहे.

इंजिनातून वीज

डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळा-सतराव्या भागापर्यंत दाबतो. या दाबाने हवा इतकी तापते, की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. जनित्र मात्र शिस्तीचे असते. चार ध्रुवांच्या जनित्रातून ५० आवर्तनांची वीज मिळण्यासाठी इंजिनाने मिनिटाला १५०० फेरे अचूक घ्यावे लागतात. भार वाढो वा घटो, गव्हर्नर इंधनाचे प्रमाण बदलून हा वेग राखतो. पंपावरच्या इंजिनाचा वेग थोडा ढळला तरी चालते. जनित्राच्या इंजिनाला तशी सवलत नाही.

एक लिटर डिझेलमधील उष्णता सुमारे १० युनिटांइतकी असते. त्यातून लहान इंजिन जेमतेम ३ युनिट वीज देते. उरलेली उष्णता थंड करणारे पाणी, धूर आणि घर्षण यांवाटे निघून जाते. डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास एका युनिटामागे केवळ इंधनाचाच खर्च ३० रुपये होतो. गरजेपेक्षा मोठे इंजिन घेऊन ते कमी भारावर चालविल्यास हा खर्च आणखी वाढतो. त्यामुळे डिझेल संच अडचणीच्या वेळेपुरताच ठेवणे शहाणपणाचे ठरते.

गोठ्यातील इंधन

नित्याच्या विजेसाठी बायोगॅसचा विचार करता येतो. एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो आणि एक घनमीटर वायूपासून सुमारे दीड युनिट वीज. रोज १० युनिट हवे असतील, तर सुमारे १७० किलो शेण, म्हणजे सोळा-सतरा जनावरांचा गोठा लागेल. हे एका घराचे काम नव्हे. दूध संस्थेला मात्र ते पेलण्यासारखे आहे. वायूतील हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे भाग गंजविते. म्हणून वायू प्रथम लोखंडी कीसातून गाळून घ्यावा लागतो. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर दुधाची भांडी धुण्यास लागणारे पाणी तापविता येते, हा आणखी एक लाभ.

लहान कारखानदारापुढील कसोटी

जनित्र संचांच्या धुरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिक कडक निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले. ते ८०० किलोवॅटपर्यंतच्या संचांना लागू आहेत. ग्रामस्थांच्या आरोग्याच्या दृष्टीने हे निकष योग्यच होत. परंतु ते पाळण्यासाठी अनेक संचांत इंधनफवाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आवश्यक झाले आणि चाचणी व प्रमाणपत्राचा खर्चही आला. मोठ्या कंपनीला हा खर्च हजारो इंजिनांवर विभागता येतो. वर्षाला थोडी इंजिने करणाऱ्याला तो जड जातो.

तरीही लहान कारखानदाराची गरज संपलेली नाही. सुटा भाग त्याच जिल्ह्यात मिळणे आणि इंजिन खोलून दुरुस्त करणारा कारागीर जवळ असणे, यांवर दुर्गम भागातील संचाचे आयुष्य अवलंबून असते. अनेक कारखानदारांनी एकत्र येऊन सामाईक चाचणी सुविधा उभारल्यास आणि बायोगॅसला योग्य अशा इंजिनांवर भर दिल्यास या उद्योगाला नवे क्षेत्र खुले होईल. पावसाळ्यात तारा तुटल्या तरी मलकापूरच्या परिसरातील दूध नासणार नाही आणि लसी सुरक्षित राहतील, हेच या प्रयत्नांच्या यशाचे माप ठरेल.