ताप गेला, पण रक्तवाहिनीचं काय?

जुलै लागला की गोंदिया जिल्ह्यात रोवणीची घाई सुरू होते. आमगाव असो की अर्जुनी मोरगाव, बाया दिवसभर चिखलात वाकून धान रोवतात. संध्याकाळी पाय जड होतात, थोडे सुजतात. दोन्ही पाय सारखे सुजले आणि रात्रीच्या झोपेनंतर उतरले, तर सहसा घाबरायचं कारण नसतं. पण एकच पाय दोन-तीन दिवसांत सुजला, पोटरी गरम लागते, दाबली की कळ येते आणि महिना-दीड महिन्यापूर्वी जोराचा ताप येऊन गेलेला आहे, तर गोष्ट वेगळी असते.

आपल्याकडे एका पायाची सूज दिसली की पहिला अंदाज हत्तीपायाचा. तो काही उगाच नाही, पूर्व विदर्भात हत्तीरोग आहेच. पण हत्तीपाय महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. अचानक आलेली सूज पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. असा पाय तेल लावून चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करायला एक मिनिटही थांबू नये.

तापाचा आणि गुठळीचा संबंध लक्षात येत नाही, कारण रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप, असं आपण धरून चालतो. ती जिवंत असते. तिला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्त भिंतीला चिकटत नाही. (या शोधाला १९९८ मध्ये नोबेल मिळालं.) विषाणूचा संसर्ग झाला की शरीराची संरक्षक यंत्रणा खवळते, त्या धुमश्चक्रीत हे अस्तर सुजतं, ठिकठिकाणी खरवडतं, आणि तिथं रक्त गोठू लागतं.

‘कोरोना फुप्फुसाचा आजार होता’ हे म्हणूनच अर्धं खरं. एप्रिल २०२० मध्येच झुरिकच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की रुग्णांच्या अनेक अवयवांतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजलेलं होतं. आणि हे एकट्या कोरोनाचं नाही. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो, असं कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात २०१८ मध्ये आढळलं.

मग हा धोका किती दिवस राहतो? स्वीडनमध्ये कोरोना झालेल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पायातल्या गुठळीचा वाढीव धोका तीन महिने, फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने टिकला. मात्र आकडा नीट समजून घ्यावा. फुप्फुसात गुठळी झाली ती दर दहा हजारांत सुमारे १७ जणांना, कोरोना न झालेल्यांत हेच प्रमाण ४ होतं. म्हणजे भीतीनं झोप उडावी असं काही नाही, पण पायाची सूज कानाआड करावी असंही नाही.

‘मला तर हलकाच झाला होता, घरीच बरा झालो’ असं सांगणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. १६ देशांतल्या २,३९० जणांच्या धमन्या किती ताठर झाल्या, हे त्यात मोजलं. पद्धत सोपी आहे: हृदयाच्या ठोक्याची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगानं पोचते ते बघायचं. धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. संसर्गानंतर सहा महिन्यांनी, घरीच बऱ्या झालेल्या बायांच्याही धमन्या जणू पाच वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या दिसल्या. पुरुषांत फरक कमी होता. लस घेतलेल्यांच्या धमन्या त्यामानानं मऊ होत्या, आणि काळानुसार ताठरपणा स्थिरावत किंवा थोडा उतरत गेला. मला यातली शेवटची गोष्ट मोठी वाटते, कारण नुकसान झालं म्हणजे ते कायमचंच, हाही एक गैरसमज आहे.

लसीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. गावात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं की तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणतंच, ‘लस घेतली होती ना, तिनंच रक्त घट्ट केलं.’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, हेच तपासलं. १८ ते ४५ वयोगटातले, अचानक मृत्यू झालेले ७२९ जण आणि त्यांच्याच परिसरातले तुलनेसाठीचे लोक. ४७ रुग्णालयं त्यात सहभागी होती. लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या त्या अशा: कोरोनानं रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घरात कुणाचा असाच मृत्यू झालेला असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांतलं बेसुमार मद्यपान आणि अंगाबाहेरची मेहनत. कोविशील्डच्या प्रकारातल्या लसीनं क्वचित गुठळ्या झाल्या हे खरं आहे, ते लपवू नये. पण ते अतिशय दुर्मीळ होतं आणि डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घडत होतं. चार वर्षांनी आलेल्या झटक्याचं खापर तिच्यावर फोडलं की बीपी, साखर आणि तंबाखू यांच्याकडे बघायचं राहून जातं.

मग ‘रक्त पातळ करायची गोळी’ मेडिकलमधून आणून रोज घ्यायची का? ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयातल्या सुमारे १५,००० कोरोना रुग्णांवर ॲस्पिरिन तपासली गेली. मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र थोडा वाढला. आणि पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घातकच, तिथं पॅरासिटामॉलच घ्यावी.

डेंग्यूत आपलं सगळं लक्ष प्लेटलेटवर असतं. रोज रक्त तपासायचं, पपईच्या पानांचा रस पाजायचा. खरा धोका अस्तराचाच असतो. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन त्या अस्तरावरचा संरक्षक लेप विरघळवतं आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. हे नेमकं ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास घडतं. घरचे म्हणतात, ‘आता अंग थंड लागते, बरं वाटते.’ त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर दाखल करावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती सिकलसेल. या रुग्णांच्या विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी वाहिनीच्या अस्तराला आधीच चिकटत असतात. साध्या तापानंही त्यांना वेदनांचा झटका येतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नये.

तापातून उठल्यावर बीपी आणि साखर एकदा मोजून घ्यावी, तेवढ्यापुरतं उपकेंद्र पुरतं. पण गोंदियात तोंडाला चव आल्यावर पहिली आठवण होते ती तंबाखू-सुपारीच्या खऱ्याची. ‘आठ दिवस खाल्ला नाही’ असं म्हणत हात पानठेल्यावरच्या पन्नीकडे जातो. खऱ्यानं फक्त तोंड खराब होतं, असं अनेकांना अजूनही वाटतं. त्यातलं निकोटिन काही मिनिटांत रक्तात उतरतं, वाहिन्या आवळतं, बीपी चढवतं आणि जे अस्तर अजून भरून यायचंय त्यालाच पुन्हा खरवडतं. आठ दिवस सुटलेला खर्रा तिथंच सोडता आला, तर त्या अस्तराला लागणारं याहून मोठं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही.