प्रोग्रामची माहिती साध्या मजकुरात लिहून घ्या

ताग्यावर चिठ्ठी नसेल तर माल कितीही उंची असो, गुमास्ता बदलला की दुकान अडते. नंबर, पन्हा, मीटर, भाव हे सारे चिठ्ठीवर लागते. संगणकाच्या प्रोग्रामचेही असेच आहे.

आज पुष्कळ दुकानांत व कारखान्यांत बिले आणि साठ्याचा हिशोब संगणकावर असतो. आमच्याकडचा प्रोग्राम लिहिणारा तरुण दुसरीकडे नोकरीस गेला. माहितीची फाइल ठेवून गेला होता, पण ती ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली ते नव्या संगणकावर नव्हते. फाइल उघडलीच नाही आणि ऐन सीझनमध्ये बिले हाताने फाडावी लागली.

म्हणून जाणकार लोक अशी माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतात. तिला बहुधा 'रीडमी' म्हणतात. ती कोणत्याही संगणकावर उघडते. मात्र साध्या मजकुरात मथळा मोठा वा शब्द ठळक करता येत नाही. त्यासाठी काही खुणा ठरल्या आहेत. त्यांतली फार प्रचलित पद्धत 'मार्कडाउन'. अमेरिकेच्या जॉन ग्रुबर यांनी एरॉन स्वार्ट्झ यांच्या मदतीने ती २००४ मध्ये काढली.

खुणा अशा आहेत. ओळीच्या आरंभी # दिले की मथळा, ## दिले की उपमथळा. आरंभी - आणि मग मोकळी जागा सोडली की यादी. शब्दाच्या दोन्ही बाजूंस ** दिले की तो ठळक. संगणकाला द्यायचा हुकूम ` या चिन्हांत ठेवला की जसाच्या तसा राहतो. योग्य सॉफ्टवेअरमध्ये फाइल छापील पानासारखी दिसते. ते नसले तरी मजकूर वाचता येतोच, आणि खरा फायदा हाच. शिवाय कोणती ओळ कधी बदलली हे 'गिट'सारख्या साधनाने वहीतल्या नोंदीप्रमाणे तपासता येते. लिनक्सच्या कर्नलनेही २०१६ पासून आपल्या माहितीसाठी याच जातीची 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट' पद्धत घेतली.

दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात. सर्व सॉफ्टवेअर खुणांचा अर्थ एकसारखा लावत नाहीत. त्यासाठी २०१४ मध्ये 'कॉमनमार्क' हे नेमके नियम पुढे आले. तरीही मोजक्या, साध्या खुणाच बऱ्या.

तेव्हा बंधूंनो, सौदा ठरवतानाच अट घाला. प्रोग्राम कसा चालू करावा, हिशोबाची जादा प्रत कोठे ठेवली आहे, बिघडल्यास काय करावे, ही तीन उत्तरे लेखी हवीत. पासवर्ड मात्र त्यात लिहू नये. दुसऱ्या माणसाने ती फाइल वाचून प्रोग्राम चालू करून दाखवावा, मगच शेवटचा हप्ता द्यावा.