अब्जांश सेकंदाचा हिशेब, परवडणाऱ्या घड्याळातून

पुणे, प्रतिनिधी

रेडिओ दुर्बीण म्हटली की डोळ्यांसमोर महाकाय तबकड्या उभ्या राहतात. या तबकड्यांनी टिपलेल्या संकेतांतून आकाशाचे चित्र साकारण्याचे काम मात्र बव्हंशी घड्याळावर अवलंबून असते. वेळ चुकली, तर उत्तम अँटेनाही निरुपयोगी ठरते. अव्वल दर्जाची अणुघड्याळे महाविद्यालये व लहान संस्थांना परवडणारी नाहीत. तथापि, कोणत्या निरीक्षणाला किती अचूकता लागते हे आधी ठरविले, तर हा खर्च कितीतरी पटींनी कमी करता येतो.

वेळ इतकी नेमकी कशासाठी?

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील 'जीएमआरटी' प्रकल्पात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. त्या सर्व मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीसारखे काम करतात. त्यासाठी एकाच ताऱ्याकडून आलेली लाट प्रत्येक अँटेनापाशी नेमकी केव्हा पोहोचली, याची तुलना करावी लागते. प्रकाश व रेडिओ लहरी एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतात. हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या १४२० मेगाहर्ट्‌झच्या लहरीचे एक आवर्तन तर ०.७ नॅनोसेकंदातच पूर्ण होते. घड्याळांमध्ये एवढाच फरक पडला, तरी दोन संकेतांचा मेळ बसत नाही.

अचूकतेचे दोन प्रकार

येथे दोन गरजा वेगळ्या ओळखाव्या लागतात. 'आता किती वाजले' हे ठाऊक असणे ही एक, तर घड्याळाची लय ढळू न देणे ही दुसरी. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत एक भाग असेल, तर १५० मेगाहर्ट्‌झच्या लहरीत दर सेकंदाला १५० आवर्तनांचा फरक पडतो. दोन अँटेनांना असे स्वतंत्र स्फटिक देऊन भागत नाही. मात्र स्थिर तापमानात ठेवलेल्या चांगल्या स्फटिकाची चूक शंभर अब्जांत एक भागापर्यंत खाली आणता येते. मग याच लहरीत एका आवर्तनाचा फरक पडण्यास सुमारे अकरा मिनिटे लागतात आणि ज्ञात ताऱ्याकडे अधूनमधून रोख वळवून तो दुरुस्त करता येतो.

एकाच अँटेनाने आकाशगंगेतील हायड्रोजनचा वेग मोजायचा असल्यास गरज आणखी कमी होते. दहा लाखांत एक भाग ही चूक तेथे सेकंदाला अवघ्या ०.३ किलोमीटर वेगाइतकी भरते. मोजावयाचे वेग दहा-वीसपासून शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत असल्याने स्वस्त रिसीव्हरमधील तापमान-भरपाई केलेला स्फटिकही पुरतो.

उपग्रहांची फुकट मदत

जीपीएस उपग्रहांवर अणुघड्याळे असतात व त्यांची वेळ जगभर विनामूल्य मिळते. जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक स्पंद देतो. हा स्पंद क्षणोक्षणी काही नॅनोसेकंद मागे-पुढे होतो, परंतु दीर्घकाळात भरकटत नाही. स्फटिकाचे नेमके उलट असते. तो क्षणभर स्थिर राहतो, मात्र दिवसागणिक सरकतो. जीपीएसच्या आधारे स्फटिकाला सतत वळणावर आणणारी उपकरणे या दोहोंचे गुण एकत्र करतात. ती काही हजार रुपयांपासून उपलब्ध आहेत. मोबाइल मनोऱ्यांवरून काढलेली रुबिडियम घड्याळेही जुन्या बाजारात मिळतात.

एक तंबोरा, अनेक गायक

सर्वांत मोठी बचत होते ती प्रत्येक अँटेनाला वेगळे घड्याळ देण्याचे टाळल्याने. सर्व गायकांनी एकाच तंबोऱ्यावर सूर लावावा, तशी ही रीत आहे. अद्ययावत जीएमआरटीत अँटेनांचे संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत आणले जातात आणि तेथेच त्यांचे अंकांत रूपांतर होते. थोडक्यात, घड्याळ अँटेनाकडे जात नाही, संकेत घड्याळाकडे येतात.

हे शक्य नसेल तेथे 'व्हाइट रॅबिट' हे तंत्र उपयोगी पडते. युरोपातील 'सर्न' प्रयोगशाळेत २००८च्या सुमारास त्याचा विकास सुरू झाला. संदेशाच्या जाण्या-येण्याचा काळ सतत मोजून ते फायबरमधील बदलता विलंब वजा करते व एका नॅनोसेकंदाहून कमी फरकाने घड्याळे जुळविते. त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले आहेत.

कोठे तडजोड नाही?

एप्रिल २०१७ मध्ये कृष्णविवराची छबी टिपण्यासाठी 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप'ने २३० गिगाहर्ट्‌झवर निरीक्षण केले. या वारंवारतेला वरील चांगला स्फटिकही दर सेकंदाला दोनहून अधिक आवर्तने चुकला असता. खंडोखंडी पसरलेल्या अँटेना फायबरने जोडणेही व्यवहार्य नव्हते. त्यामुळे तेथे हायड्रोजन मेझर ही अतिशय महाग घड्याळेच आवश्यक ठरली.

पल्सार ताऱ्यांच्या निरीक्षणात अडचण निराळी असते. जीएमआरटीच्या नोंदींचा उपयोग करणाऱ्या भारतीय गटाने युरोपीय गटासमवेत जून २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. अशा संशोधनात अनेक वर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडल्या जातात. घड्याळ सरकले, तर सर्वच पल्सार एकदम उशिरा वा लवकर आल्याचा भास होतो. त्यामुळे कोणते घड्याळ केव्हा बदलले, किती सरकले, याची काटेकोर नोंद घड्याळाइतकीच मोलाची ठरते.

छोट्या चुका, मोठा फटका

स्वस्त व्यवस्थेत दक्षता अधिक लागते. जीपीएस अँटेनाच्या केबलचा प्रत्येक मीटर सुमारे पाच नॅनोसेकंदांचा विलंब घडवितो. तो मोजून वजा करावा लागतो. घड्याळाच्या १० मेगाहर्ट्‌झ संकेताची १४२वी पट बरोबर १४२० मेगाहर्ट्‌झ भरते, म्हणजे हायड्रोजनच्या रेषेला खेटूनच. घड्याळ धातूच्या पेटीत नीट बंद केले नाही, तर ते स्वतःच 'तारा' बनून निरीक्षणात घुसते.

त्यामुळे खरेदीपूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात : निरीक्षण कोणत्या वारंवारतेवर आहे, सलग किती वेळ चालणार आहे आणि अँटेना फायबर वा केबलने जोडता येतात का. कमी वारंवारता, जवळच्या अँटेना आणि मोजका कालावधी असेल, तर महाविद्यालयाच्या गच्चीवरही रेडिओ दुर्बिणींची जोडी समाधानकारक काम देऊ शकते.