एकशे सत्तावीस दात

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला अण्णांचा लेथ. हरिहरचा, किर्लोस्करांचा. अण्णा गेल्यावर तो ताडपत्रीखालीच होता. भंगारवाला दोनदा किलोच्या भावाने मागून गेला. शेवटी मी ताडपत्री काढली, चकमध्ये गज धरला, हलका कट मारला आणि मायक्रोमीटर लावला. चकाजवळ जॉब जाड, पुढे बारीक. टेपर.

बेडवर डायल फिरवल्यावर उलगडा झाला. झीज होती ती चकापासूनच्या पहिल्या हातभरातच. टेलस्टॉककडचा बेड नवाकोरा. मूळ फिनिशच्या रेघासुद्धा शाबूत. म्हणजे अण्णांनी लांब शाफ्ट जवळपास कधी केलेच नाहीत. जन्मभर बुश, पिना, कॉलर.

ही आमच्या पट्ट्याचीच गोष्ट. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात चिंचवडला टेल्को आणि आकुर्डीला बजाज आले. मोठे कारखाने उभे राहिले, की भोवती छोट्या जॉबवर जगणारे गाळे उगवतात. वही हरवली तरी कोणत्या ऑर्डरी आल्या ते बेड सांगतो.

लेथमागची गोष्ट याहून जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला, 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली 1941 साली. तो कारखाना आता बंद आहे. त्याचे लेथ मात्र अजून गाळ्यागाळ्यांत फिरताहेत.

जुना बीडाचा बेड कडक केलेला नसेल, तर हाताने स्क्रेप करता येतो. स्ट्रेट एजला पातळ निळा रंग लावायचा, तो बेडवर टेकवून सरकवायचा. जिथे निळं उमटतं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. एका फेरीत निघतात ते मायक्रॉन. शिक्षा अशी की जो भाग झिजला त्याला नव्हे, तर जो नाही झिजला त्यालाच खाली आणावं लागतं. त्यामुळे सॅडलही खाली बसतं आणि लीड स्क्रूची रेषा चुकते. म्हणून सॅडलखाली टर्साइटची पट्टी चिकटवून उंची भरून काढली.

सगळं जुळल्यावर चेंज गिअरची पेटी उघडली. लीड स्क्रू इंची, कामं मिलिमीटरची. पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर, म्हणून इंची लेथवर मिलिमीटरचे अचूक आटे पाडायला 127 दातांचं चाक लागतं. आटा पुरा होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. टूल बाहेर ओढून मशीन उलटं फिरवत मागे यायचं. अण्णांनी हे इतक्यांदा केलं होतं, की पेटीतल्या सगळ्या चाकांत त्याच चाकाचे दात सर्वांत बारीक झाले होते.

समोरच्या गाळ्यात आता सीएनसी आहे. चाकणच्या कंपन्यांचे हजारोंचे लॉट तिथेच जातात. माझ्याकडे येते ती रात्री तुटलेली एखादी पिन, जिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला कुणाला वेळ नसतो. परवा तशीच एक आली, दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांची. चाक बदलावं का, असा विचार केला. मग तेच चढवलं, पिच गेज लावून पाहिला. बरोबर बसला. दात झिजले तरी मोजायला एकशे सत्तावीसच असतात.